ठेक्यावर लागलेली करमाळा गाडी

माझा पहिला आल्बम मी आमच्या मधल्या खोलीत, लोखंडी कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत बसून केला. पोटापाण्यासाठी मी एका फोटो स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ जोडते. दिवसभर हळदी, अक्षता आणि रुसलेल्या आत्या यांचे तुकडे एकमेकांना चिकटवायचे आणि घरी आल्यावर लॅपटॉपवर स्वतःचे ठेके जुळवत बसायचं, असं काही वर्षं चाललं होतं. नाचायची गाणी होती ती. शब्द नाहीत, सूर थोडे, बास भरपूर. आई त्याला ‘तुझी धडधड’ म्हणायची आणि कुकरची शिट्टी मोजायला अडचण होते एवढीच तिची तक्रार होती.

गाणी जवळजवळ पुरी झाली होती, पण त्यांना माणसाचा आवाज हवा होता. स्टुडिओतल्या एका मैत्रिणीनं गायचं कबूल केलं होतं. तेवढ्यात तिचं लग्न ठरलं. होणाऱ्या सासऱ्यांनी सबंध आल्बम हात जोडून ऐकला आणि ‘देवाचं नाव कुठं आलं नाही’ एवढंच म्हणाले. ती गायली नाही.

त्याच उन्हाळ्यात माझे वडील, म्हणजे अप्पा, निवृत्त झाले. ते सोलापूरच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. गाड्यांच्या नोंदी, चालक-वाहकांशी हुज्जत हे सगळं होतंच, पण त्यांचं खरं काम म्हणजे काचेच्या खोलीत बसून भोंग्यातून गाड्या पुकारणं. त्यांच्या आवाजावर लोक हातातला अर्धा वडा टाकून पळाले आहेत. निवृत्त झाले आणि घरात ते बोलेनासेच झाले. रागावले नव्हते. त्यांच्याकडे विषयच उरला नव्हता. आई म्हणायची, “सगळ्या जिल्ह्याशी बोलून झालं, माझ्या वाट्याला फक्त ‘मीठ’ आणि ‘पंखा’ राहिलं.”

एका दुपारी ते कॉटवर बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते. मी हेडफोन काढला आणि विचारलं, “अप्पा, माझ्या गाण्यात एक गाडी पुकारता का?”

त्यांनी मान वळवली. “कुठली?”

“कुठलीही. करमाळा.”

“करमाळ्याची कितीची?”

मला एवढं माहीत नव्हतं. मी म्हटलं, “शेवटची.”

ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि बऱ्याच वेळानं बाहेर आले ते खाकी गणवेश घालून. छातीवरचा बिल्ला परत केला होता, तिथं फक्त दोन भोकं राहिली होती. आई भाकरी थापत होती, ती तशीच पिठाच्या हातांनी दारात आली. “अहो, कुठं निघालात?”

“कामाला,” अप्पा म्हणाले.

माइक मी कपाटाच्या हँडलला बांधला होता. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून वरून तीन चादरी सोडल्या होत्या आणि त्यांच्या आत अप्पा स्टुलावर बसले होते. मे महिना, पंखा बंद, चादरीतून फक्त त्यांचे बूट दिसत होते. मी बुटाला बोट लावून खूण केली. बोलण्याऐवजी त्यांनी चादर बाजूला केली.

“गाडी लागली का?”

“अप्पा, गाणं आहे हे.”

“गाणं असू दे. मी ‘फलाटावर लागलेली आहे’ असं म्हणणार. लागलेली नसली तर?”

“तर काय होतंय? इथं कोण बसणार आहे तिच्यात?”

“आज कोण बसणार नाही,” ते म्हणाले, “पण तू ते साठवून ठेवणार आहेस ना?”

शेवटी असं ठरलं की संध्याकाळी करमाळ्याची शेवटची गाडी खरोखर फलाटाला लागली की त्यांचे एक जुने सहकारी स्टँडवरून फोन करतील आणि मग अप्पा पुकारतील. त्यामुळं माझ्या आल्बमचं रेकॉर्डिंग राज्याच्या दळणवळणावर अवलंबून राहिलं. संध्याकाळी आम्ही तिघं फोनभोवती बसायचो. रिंग वाजली की आई फोन उचलून “लागली!” असं ओरडायची, मी बटण दाबायची आणि अप्पा चादरीत शिरायचे. पहिल्या दिवशी आईचं ‘लागली’ रेकॉर्ड झालं. दुसऱ्या दिवशी शेजारच्यांनी दार वाजवून विचारलं, लॉटरी का? तिसऱ्या दिवशी मात्र काम झालं.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मोहोळ, टेंभुर्णी, जेऊरमार्गे करमाळ्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक पाचवर लागलेली आहे. ही करमाळ्याकडे जाणारी आजची शेवटची गाडी आहे.”

कपाटाचा पत्रा त्यांच्या आवाजानं बारीक थरथरत होता, आणि ती थरथरही रेकॉर्ड झाली. मी हेडफोन लावून तीनदा ऐकलं. लहानपणी शाळेतून येताना हाच आवाज रस्त्यापलीकडून ऐकू यायचा आणि मला वाटायचं, अप्पा सगळ्या लोकांना घरी पाठवतायत, मग स्वतः इतक्या उशिरा का येतात?

खरी भांडणं त्यानंतर सुरू झाली. माझा ठेका वेगवान होता आणि अप्पांचं बोलणं संथ. मी त्यांना थोडं भरभर म्हणायला सांगितलं.

“भरभर सांगितलं की माणूस भलत्या गाडीत बसतो,” ते म्हणाले. विषय संपला. मला सगळ्या गाण्यांचा ठेका उतरवून त्यांच्या गतीवर आणावा लागला. नाचायच्या संगीतात अशा गतीला कुणी नाचत नाही, फार तर सामान घेऊन लगबगीनं चालतं.

मग मी त्यांच्या आवाजाचे तुकडे केले. ‘करमाळा’ हा शब्द कापून ठेक्यावर चार वेळा बसवला, कर-कर-कर-करमाळा, असा. त्यांना ऐकवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि अतिशय शांतपणे म्हणाले, “मी एकदा म्हणालो होतो.”

“हो, पण गाण्यात तसं करतात.”

“गाडी एक आहे. चारदा ऐकून माणसाला वाटणार चार गाड्या आहेत. तो पहिली सोडणार.”

“अप्पा, पहिली सोडून काय करणार तो?”

“दुसरीत जागा मिळेल म्हणून थांबणार. मी बघितलेत तसले.”

आई मधे पडली आणि दोनदा करायला परवानगी मिळाली. गाणं चढत चढत जातं, एकदम सगळं थांबतं, क्षणभर शांतता होते आणि मग बास धाडकन खाली येतो (याला ड्रॉप म्हणतात), त्या शांततेत मी ‘ही करमाळ्याकडे जाणारी आजची शेवटची गाडी आहे’ हे वाक्य ठेवलं. तेवढं मात्र अप्पांना पटलं. “बरोबर आहे,” ते म्हणाले, “शेवटची म्हटल्यावर लोक थांबतातच एक क्षण. मग पळतात.”

आल्बम मी इंटरनेटवर टाकला. नाव ठेवलं ‘फलाट’. पहिल्या आठवड्यात तो ऐकला बहुतेक मीच. माझ्या अकलूजच्या मावशीनं फोन करून सांगितलं की आल्बम बघितला पण त्यात एकही फोटो नाही, आणि माझं लग्न कधी झालं हे तरी सांग. आल्बम म्हणजे लग्नाचाच असतो, असं आमच्या सगळ्या नात्यात ठाम मत आहे. त्यामुळं तिनं पुढचे काही महिने माझ्याशी बोलणं सोडलं. न बोलावता लग्न केलं म्हणून.

आल्बमला पहिलं खरं गिऱ्हाईक मिळालं ते आमच्या गल्लीतलं. टेम्पोवर स्पीकर लावून वरातीत डीजे वाजवणारे एक भाई आहेत, ते अप्पांना लहानपणापासून ओळखतात. त्यांनी दारातच गाणं ऐकलं आणि चप्पल काढायची विसरून आत आले.

“ये तो अपने चाचा!” ते म्हणाले. “क्या आवाज है बोलके! बेटी, ये मेरेकू दे. वरात में बजातूं.”

“याच्यावर नाचतील का लोक?” मी विचारलं.

“नक्को नाचने दे. हिलेंगे तो सही.”

पुढच्याच आठवड्यात एका लग्नाचं काम आमच्या स्टुडिओकडं होतं. मुलगी सोलापूरची, नवरदेव करमाळा तालुक्यातला. आमचा एक कॅमेरावाला आजारी पडला म्हणून मला पाठवलं. मुहूर्त गोरज. नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीच्या दर्शनाला नेतात, त्या परण्याला आमच्या भाईंचा टेम्पो होता. मी टेम्पोच्या पुढं उलटी चालत चित्रण करत होते. मंगल कार्यालय स्टँडच्या मागच्याच रस्त्याला होतं.

पोरं जोरात नाचत होती. भाईंनी माझ्याकडं बघून डोळा मारला आणि माझं गाणं लावलं. ठेका एकदम संथ झाल्यावर पोरं जरा गोंधळली, पण मग खांदे हलवत सामान उचलल्यासारखं काहीतरी करायला लागली. मला हे सगळं कॅमेऱ्यातून दिसत होतं. माझ्या गाण्यावर माणसं हलत होती!

मग शांतता आली, आणि अप्पांचा आवाज चौकभर पसरला. ही करमाळ्याकडे जाणारी आजची शेवटची गाडी आहे.

बास खाली आला तेव्हा मला दिसलं की वऱ्हाडातली पिकल्या केसांची माणसं वेगळ्याच दिशेला चालली आहेत. सगळ्यांत पुढं नवरदेवाचे मामा. डोक्याला फेटा, हातात आहेराची पिशवी, आणि चाल अशी की रस्ता ओलांडताना त्यांनी रिक्षाकडंही बघितलं नाही. त्यांच्यामागं आठ-दहा म्हातारेकोतारे आणि दोन काकू. पोरांना वाटलं ही नाचाचीच एक पद्धत आहे. त्यांनी शिट्ट्या मारल्या.

कार्यालयात पोचल्यावर मामा नाहीत हे कळलं. नवरदेवाच्या मागं मामानं उभं राहायचं असतं, त्याशिवाय भटजी अंतरपाट धरेनात. नवरदेवाचा धाकटा भाऊ धावत स्टँडवर गेला आणि तसाच धावत परत आला.

“गाडीत बसल्यात,” तो धापा टाकत म्हणाला. “खिडकीची जागा धरलीय. गाडी सुटायला येळ हाय, पन उतरत न्हाईत. म्हनत्यात, ही सोडली तर मुक्काम पडतोय.”

“आरं, आपली गाडी उभी हाय की बाहेर!” नवरदेवाचे वडील ओरडले. “आख्खी ट्रॅव्हल्स करून आनलीय!”

“सांगितलं. म्हनत्यात, ती शेवटची हाय असं कोन बोललंय का?”

मी एका खांबाआड उभी होते. भाई माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाले, “चाचा को बुला. दूसरा कोई उतार नै सकता उनको.”

अप्पा रिक्षातून आले. गणवेशात. नवरीच्या वडिलांना वाटलं पोलीस आलेत, ते पटकन पुढं होऊन म्हणाले, “साहेब, आवाज कमी केलाय.” भाईंनी अप्पांना टेम्पोत बसवलं, मी मागं चढले आणि आम्ही स्टँडकडं निघालो.

तिथं दुसरी अडचण. अप्पा आत यायला तयार होईनात. “मी निवृत्त आहे. स्टँडच्या हद्दीत मला पुकारता येत नाही.” मग त्यांनी खाली उतरून हद्द कुठं संपते ते बघितलं आणि टेम्पो बरोबर त्याच्या बाहेर, रसवंतीगृहाच्या शेजारी उभा करायला लावला. स्पीकर फलाटांकडं वळवले. माइक हातात घेतला, दोनदा फुंकला, गळा साफ केला.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. करमाळ्याहून आलेल्या वऱ्हाडासाठी सूचना. गोरज मुहूर्तावर लागणारे लग्न मागील मंगल कार्यालयात लागण्याच्या तयारीत आहे. नवरदेवाच्या मामांनी त्वरित आपली जागा घ्यावी.” ते थांबले. गाडीतून कुणी उतरेना. अप्पांनी क्षणभर विचार केला आणि पुन्हा माइक तोंडाशी नेला. “हे आजचे शेवटचे लग्न आहे.”

गाडीचं दार धाडकन उघडलं. मामा पहिले बाहेर. फेटा एका हातानं धरलेला. मागोमाग म्हातारेकोतारे, काकू, आणि त्यांच्या मागं पाच-सहा माणसं जी वऱ्हाडातली नव्हतीच. त्यात टोपलीसकट एक पेरूवाला होता. सगळे कार्यालयात पळाले. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. पेरूवाला जेवूनच गेला आणि जाताना नवरीच्या ओटीत दोन पेरू घालून गेला. हे सगळं माझ्या चित्रणात आहे.

लग्न लागल्यावर मी अप्पांना शोधत होते. ते जेवणाच्या पंगतीत नव्हते. कार्यालयाच्या पायरीवर एकटेच बसले होते, चेहरा पडलेला.

“काय झालं अप्पा?”

“गाडी सातवर उभी होती.”

मला कळेना.

“मी आल्बममध्ये पाच म्हटलंय. करमाळा आता सातवर लागते. बदललंय त्यांनी.” त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू आम्ही दोघांनी मिळून कुणाचा तरी गळा कापला होता. “ते मामा चुकून बरोबर गाडीत बसले. पण दुसरा कुणी असता तर?”

त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच चादरी सोडून, स्टूल ठेवून तयार होते. आम्ही संध्याकाळी फोनची वाट बघून ‘फलाट क्रमांक सात’ रेकॉर्ड केलं आणि जुन्या गाण्याच्या खाली नवीन टाकलं. जुनं पुसून टाकावं असा त्यांचा आग्रह होता. मी ऐकलं नाही, तेव्हा त्यांनी त्याच्या नावापुढं ‘रद्द’ असं लिहायला लावलं.

पुढं दर वेळी वेळापत्रक बदललं की तेच. सध्या त्या गाण्याचे प्रकार असे आहेत: ‘करमाळा (रद्द)’, ‘करमाळा (दुरुस्त)’, ‘करमाळा (सुधारित)’ आणि ‘करमाळा (यात्रा विशेष)’. पुण्यातल्या कुणा संगीतावर लिहिणाऱ्या माणसानं माझ्या आल्बमबद्दल मोठा लेख लिहिला. कलाकार एकच गाणं सूक्ष्म बदलांनी पुन्हा पुन्हा मांडून सत्याच्या अस्थिरतेवर बोट ठेवते, असं त्यात होतं. मी तो अप्पांना वाचून दाखवला.

“म्हणजे फलाट बदलला हे त्यांच्या लक्षात आलं?”

“आलं.”

“मग ठीक आहे.”

लेखामुळं ऐकणारे वाढले आणि गाण्याखाली लोक काहीबाही लिहायला लागले. अप्पा ते रोज सकाळी चष्मा लावून वाचतात आणि उत्तरं देतात. एकानं लिहिलं होतं, ‘ड्रॉप लई भारी, पण ही गाडी केमला थांबते का?’ अप्पांनी खाली उत्तर दिलं, ‘केमला जाणाऱ्या प्रवाशांनी रेल्वेने जावे.’ त्याला माझ्या सबंध आल्बमपेक्षा जास्त लोकांनी पसंती दिली. मला थोडं वाईट वाटलं, हे खोटं कशाला सांगू?

दिवाळीनंतर एकदा दुपारी दारात एक गृहस्थ उभे राहिले. फेटा नव्हता म्हणून मी ओळखलं नाही. लग्नातले ते मामा. बाजार समितीत कांदा घेऊन आले होते आणि विचारत विचारत घर शोधलं होतं. अप्पा कॉटवरून उठले. मामा त्यांच्याकडं वरखाली बघत राहिले.

“तुमीच व्हय ते?”

“मीच.”

“मला वाटलं, लई उंच मानूस असंल.”

अप्पा हसले. त्यांना असं हसताना मी क्वचितच पाहिलंय. मामा बसले, आईनं चहा केला. मग मामा सांगू लागले की तरुणपणापासून ते कांदा घेऊन सोलापूरला यायचे आणि दिवसभर बाजारात भाव कमी-जास्त, भांडणं, सगळं होऊन संध्याकाळी फलाटावर बसले की हा आवाज यायचा. “त्यो आला की वाटायचं, चला, आपलं बी कुनीतरी नाव घेतलं. करमाळा म्हनलं की मला आपलं मलाच बोलावल्यागत व्हायचं. त्या दिवशी बी तसंच झालं बगा. लगीन हाय, भाचा घोड्यावर हाय, सगळं ठावं हुतं. पाय थांबंनात.”

अप्पांनी मामांच्या बशीत स्वतःच्या कपातला थोडा चहा ओतला.

मामांना ते गाणं मोबाइलवर हवं होतं. मी लॅपटॉप उघडला तर अप्पांनी हात वर केला. “आत्ता नको लावू.”

“का?”

“शेवटच्या गाडीला अजून वेळ आहे. आत्ता पुकारलं तर हे उठतील.”

मामांनी गंभीरपणे मान डोलावली. “खरं हाय ते. उठनार मी.”

मग मी त्यांना आल्बममधलं चौथं गाणं लावून दिलं. त्यात कुणाचाच आवाज नाही, निव्वळ माझे ठेके आहेत आणि त्यावर मी सगळ्यांत जास्त मेहनत घेतली आहे. मामांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानाला धरून, डोळे मिटून ते अगदी शेवटपर्यंत ऐकलं. त्यांनी हेडफोन काढला, नीट गुंडाळून माझ्या हातात दिला आणि अदबीनं विचारलं,

“ह्येच्यात गाडी कुटली?”